खासगी विद्यापीठाचे शुल्क: ‘परवडत नसेल तर जाऊ नका’ एवढ्याने भागते का?

परभणीची शिक्षिका

बारावीचे निकाल लागल्यापासून एका गृहस्थांचे मत पालकांच्या गटांमधून फिरते आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पुण्यातल्या खासगी विद्यापीठांचे शुल्क जास्त असते कारण तिथल्या सोयीही तशाच असतात. आकडा संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो. तेव्हा ज्यांना परवडत नाही त्यांनी तिकडे जाऊ नये आणि गेल्यावर रडू नये. दोन दिवस मी गप्प बसले. पण त्या ‘रडणाऱ्यां’मध्ये माझी सख्खी बहीण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या भाचीने २०२४ मध्ये अभियांत्रिकीची सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) दिली. पर्सेंटाइल बरे होते, कॅप राउंडमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) मराठवाड्यातल्याच एखाद्या महाविद्यालयात तिला संगणक शाखा सहज मिळाली असती. परंतु सीईटीचा निकाल लागण्याआधीच पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाच्या समुपदेशकाचे फोन सुरू झाले. जागा भरत आल्या आहेत, पन्नास हजार भरून जागा राखून ठेवा, असे तो दर दोन दिवसांनी सांगत असे. बहिणीने पैसे भरले. त्याच सुमारास व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचे संपूर्ण शुल्क माफ होणार अशा बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या आणि जुलैमध्ये तसा शासन निर्णयही निघाला. आमचे कुटुंब ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या खाली, मुलगी गुणवत्तेची. बहिणीने धरून चालले, की पहिल्या वर्षी भरलेले शुल्क शिष्यवृत्तीतून परत येईल.

नोव्हेंबरमध्ये ती उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि रहिवासाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने पुण्याला गेली. शिष्यवृत्तीच्या खिडकीवरच्या बाईंनी कागद न उघडताच परत सरकवले आणि सांगितले, की ही योजना खासगी आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना लागू नाही. ते खरेच आहे, शासन निर्णयात तसे स्पष्ट लिहिले आहे. मात्र तोपर्यंत कॅपच्या फेऱ्या संपल्या होत्या आणि वर्षाचे ३,४०,००० शिक्षण शुल्क, १,६०,००० वसतिगृह व मेस आणि २५,००० अनामत, असे सव्वापाच लाख भरून झाले होते. जिथे भाचीला शिक्षण शुल्क एक रुपयाही पडला नसता तिथून उठून ती इथे आली, आणि ही गोष्ट सात महिन्यांत कोणीही बहिणीला सांगितली नाही. आकडा संकेतस्थळावर होता हे मला मान्य आहे. त्या आकड्यातून सरकार एक पैसाही उचलणार नाही, हे मात्र तिथे कुठेही नव्हते.

निवृत्त प्राध्यापक, पुणे

ताई, तुमच्या बहिणीबद्दल मला मनापासून वाईट वाटते, पण तुमचा राग चुकीच्या पत्त्यावर गेला आहे. मी बावीस वर्षे शिकवले, त्यातली शेवटची नऊ वर्षे खासगी विद्यापीठात. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, त्याआधी आपली मुले देणग्या मोजून कर्नाटकात जात होती, हे आज कोणालाच आठवत नाही. सरकारने स्वतः जागा वाढवल्या नाहीत म्हणून संस्था उभ्या राहिल्या. अनुदानित महाविद्यालयांत आज काय अवस्था आहे? सेवानिवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण शिक्षक तुटपुंज्या मानधनावर विभाग चालवतात. माझ्या आधीच्या महाविद्यालयात आम्ही एका ऑसिलोस्कोपभोवती (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राभोवती) आठ विद्यार्थी उभे करत होतो. खासगी विद्यापीठात प्रत्येक दोघांना एक होता, आणि अभ्यासक्रमात नवा विषय घालायचा असेल तर पुढच्याच वर्षी घालता येत होता. हे फुकट होत नाही.

शासन निर्णय जाहीर दस्तऐवज आहे. बातमी वाचून योजना आपल्याला लागू आहे असे गृहीत धरणे ही पालकांची चूक आहे, आणि ती संस्थेच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

परभणीची शिक्षिका

सर, माझी बहीण शिवणकाम करते. तिने शासन निर्णयातले अपवाद वाचायला हवे होते, आणि रोज पालकांशी बोलण्याचा पगार घेणाऱ्या समुपदेशकाने ते न सांगितले तरी चालेल, हा न्याय मला कळत नाही. प्रत्येक फोनवर त्याने उत्पन्न विचारले होते, जात विचारली होती. म्हणजे सांगण्यासाठी लागणारी सगळी माहिती त्याच्या पुढ्यात होती.

विनाअनुदानित महाविद्यालयांबद्दल माझी तक्रारच नाही. त्यांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, खर्चाचे हिशेब मागते, आणि तिथे कॅपमधून गेलेल्या मुलांना सवलती मिळतात. खासगी आणि अभिमत विद्यापीठे त्या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. इमारत तशीच, पदवीही तशीच, पण फाटकावरच्या पाटीत ‘महाविद्यालय’ऐवजी ‘विद्यापीठ’ आले की पालकाच्या पाठीशी असलेले सगळे कायदे गळून पडतात. हे कोणत्या सामान्य माणसाला पाटी वाचून कळणार आहे?

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

मी अशाच एका विद्यापीठात शिकतो आणि मूळचा लातूर जिल्ह्यातला आहे. प्राध्यापक सरांचे प्रयोगशाळेबद्दलचे म्हणणे खरे आहे, आमच्या प्रयोगशाळा चांगल्या आहेत. परंतु पहिल्या वर्षाचे शुल्क भरले की खर्च कळला, असे कोणी समजू नये. वसतिगृह आम्हाला फक्त पहिल्या वर्षी मिळते. दुसऱ्या वर्षी बाहेर पडावे लागते, आणि तो खर्च कोणत्याच माहितीपुस्तिकेत नसतो.

मी कर्वेनगरला कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आम्ही पाच जण, प्रत्येकी ६,५०० भाडे आणि तीन महिन्यांचे डिपॉझिट. मेसचे दोन वेळचे ३,६०० वेगळे. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद, तेव्हा आम्ही चौघे दुपारीच दोन पोळ्या कागदात बांधून आणतो आणि रात्री चहाबरोबर खातो. आधीची खोली सोडताना मालकांनी १८,००० डिपॉझिटमधले ११,००० रंगकामाचे म्हणून कापले. भिंत आम्ही आलो तेव्हाच पोपडे आलेली होती. वडिलांना ते अजून सांगितलेले नाही.

कर्वेनगरचे घरमालक

हे वाचून मला राहवले नाही. विषय विद्यापीठाच्या शुल्काचा आहे, त्यात घरमालकांना ओढण्याचे कारण काय? मी पंधरा वर्षे विद्यार्थ्यांना जागा देतो. रात्री दोन वाजता जिन्यात गाणी लागतात, तेव्हा सोसायटीची नोटीस मला येते. बेसिनमध्ये भाताची शिते साचून नळाचा पाइप तुंबला, खालच्या मजल्यावर ओल गेली, त्याचे २२,००० मी भरले. पाच मुले दोन खोल्यांत राहतात ती मालकाच्या हौसेने नव्हे, भाडे वाटून घ्यायला तुम्हीच पाचवा आणता. रंगकामाचे पैसे कापले तर त्याला लूट म्हणायची, आणि माझ्या पाइपाचे पैसे कोणी द्यायचे?

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

काका, मी लूट हा शब्द वापरलेलाच नाही. पाचवा मुलगा आम्ही आणला नव्हता, पाच कॉट आधीपासून मांडलेल्या होत्या आणि पाचवा येईपर्यंत त्या कॉटचे भाडे मालकांनी आमच्याच माथी मारले होते.

अकोल्याचे पालक

माझ्या मुलीचे उदाहरण घ्या. तिच्या पीजीचे दार रात्री साडेनऊला बंद होते. विद्यापीठात प्रकल्पाचे काम नऊपर्यंत चालते आणि बस मिळाली नाही तर पंधरा मिनिटे उशीर होतो. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा पीजीच्या बाईंनी तिला वीस मिनिटे फाटकाबाहेर उभे केले आणि मला फोन करून तिच्या ‘वागण्याबद्दल’ विचारले. मी अकोल्यात, ती पुण्यात, रात्रीचे दहा. घरमालकांनी पाइपाचे दुःख सांगितले, मी हे सांगतो. पाच लाख घेणाऱ्या विद्यापीठाला आपल्या मुली रात्री कुठे जातात हे माहीत नसेल, तर त्या पैशांत नेमके काय येते?

कर्वेनगरचे घरमालक

मुलींना बाहेर उभे करणे चूकच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण चार जणांच्या वागण्यावरून आम्हा सगळ्यांना एकाच दोरीत बांधू नका.

वकील, शिवाजीनगर

दोन्ही बाजूंनी आवाज चढला आहे, म्हणून कायद्यापुरते सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा पुण्यात घरोघर पसरलेला गैरसमज आहे. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. विद्यार्थ्याला विचारतो, तुमचा करार नोंदवला होता का?

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

नव्हता. एका वहीच्या पानावर पाच सह्या होत्या आणि ते पान मालकांकडेच राहिले.

कर्वेनगरचे घरमालक

माझे सर्व करार नोंदवलेले आहेत आणि पोलिसांना माहितीही दिलेली असते. वहीच्या पानावर जागा देणाऱ्याची बाजू मी घेत नाही. या मुलाचे अकरा हजार परत मिळायला हवेत, एवढे मी मान्य करतो. इथून पुढे किल्ली देताना भिंतींचे फोटो काढून दोघांनी ठेवावेत, मीही ठेवीन. त्यापलीकडे माझ्याकडून माफीची अपेक्षा कोणी करू नये.

बँकेतून निवृत्त, सांगली

खोल्यांवर बरेच बोलून झाले, पण सर्वात मोठा खर्च अजून कोणी काढलेला नाही. मी अनेक वर्षे शैक्षणिक कर्जाचे टेबल सांभाळले आहे. बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत मालमत्ता तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. खासगी विद्यापीठाचा चार वर्षांचा खर्च त्या मर्यादेत बसत नाही, म्हणून घर किंवा शेत गहाण पडते.

बारा लाखांचे कर्ज दर वर्षाच्या सुरुवातीला तीन लाखांप्रमाणे उचलले आणि व्याज सरळ १० टक्के धरले, तर चार वर्षांत तीन लाख व्याज चढते. अभ्यासक्रमानंतर वर्षभर हप्ता न भरण्याची सवलत असते, त्या वर्षाचे आणखी १,२०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी बाकी १६,२०,००० असते, आणि दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता महिना साधारण एकवीस हजार चारशेचा बसतो. ‘नोकरी लागली की फेडेल’ म्हणत वडील सही करायचे तेव्हा हे गणित मी कागदावर मांडून दाखवत असे. बहुतेक जण कागद घडी करून खिशात ठेवत आणि सही करत.

आणखी एक गोष्ट प्राध्यापकांच्या बाजूने सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत क्रमवारीत वर असलेल्या काही खासगी संस्थाही येतात, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजाची सूट मिळू शकते. म्हणजे खासगी विद्यापीठात गेले की सरकारचे सगळेच दरवाजे बंद होतात, असे नाही. मात्र आपले विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

निवृत्त प्राध्यापक, पुणे

साहेबांचे गणित बरोबर आहे. तरीही माझ्या वर्गातली कितीतरी मुले अशीच कर्जे काढून आली आणि त्यांनी ती वेळेत फेडली, हेही मी पाहिले आहे. त्यांच्या घरात पहिली चारचाकी त्याच पदवीने आली. ती मुले इथे लिहायला येत नाहीत, त्यामुळे या चर्चेत फक्त दुःख दिसते.

परभणीची शिक्षिका

त्यांचे यश मी नाकारत नाही, आणि माझी भाचीही चांगली शिकते आहे, पहिल्या वर्षी तिला साडेआठ सीजीपीए मिळाले. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या फोन करणाऱ्या समुपदेशकाने मे महिन्यात एक वाक्य सांगितले असते तर काय बिघडले असते? त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर संपूर्ण शुल्क परत द्यावे, असे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) परिपत्रक होते. बहिणीला ते नोव्हेंबरमध्ये कळले. सर, तुम्ही नऊ वर्षे तिथे होता. प्रवेशाच्या अर्जावर ‘राज्य शासनाची शुल्कमाफी या विद्यापीठास लागू नाही’ असे ठळक छापण्याचा विषय कधी बैठकीत निघाला होता का?

निवृत्त प्राध्यापक, पुणे

एकदा निघाला होता. मीच काढला नव्हता, एका तरुण सहकाऱ्याने काढला होता. प्रवेश विभागाचे म्हणणे पडले, की जे लागू नाही त्याची यादी कोणतीच संस्था छापत नाही, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. पुढच्या बैठकीत तो आला नाही आणि मीही विचारले नाही. शुल्क जास्त आहे या तुमच्या तक्रारीशी मी आजही सहमत नाही. पण ते वाक्य अर्जाच्या पहिल्या पानावर, पालकाच्या सहीच्या वर असायला हवे होते, हे मी मान्य करतो.

परभणीची शिक्षिका

मी शुल्क जास्त आहे असे म्हटलेलेच नव्हते, सर. दुसऱ्या वर्षाचा हप्ता १५ जुलैपर्यंत भरायचा आहे. बहिणीने घराचे कागद बँकेत दिले आहेत. सांगलीच्या काकांनी मांडलेले गणित मी तिला आज वाचून दाखवणार आहे, आणि तिने कागद घडी घालण्याआधी भाचीलाही शेजारी बसवणार आहे.