गुप्तवार्ता विश्लेषणाची तयारी कशी करावी?

प्रश्न
नमस्कार. सोलापूर ग्रामीणमधील एका पोलीस ठाण्यात माझ्याकडे नुकतेच गोपनीय अंमलदाराचे काम आले आहे. माहिती कशी मिळवावी हे जुन्या सहकाऱ्यांसोबत फिरून शिकता येते. परंतु तिच्यावरून पुढे काय घडू शकेल हे अहवालात कसे मांडावे, हे कोणी शिकवत नाही. पुण्याच्या महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनीत प्रशिक्षणाची संधी मिळेपर्यंत स्वतः काय करता येईल?

उत्तर १
प्रबोधिनीसाठी वरिष्ठांकडे लेखी विनंती करून ठेवा. तोवर, माहिती देणारा किती विश्वासार्ह आहे आणि दिलेली माहिती किती संभवनीय आहे, याची नोंद वेगवेगळी करण्याची सवय लावा. नाटो देशांत यासाठी स्रोताला ए ते एफ आणि माहितीला १ ते ६ अशी श्रेणी देतात. एफ आणि ६ यांचा अर्थ ‘ठरवता येत नाही’ एवढाच असतो. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो, हे भान या पद्धतीमुळे राहते.

दुसरी पद्धत सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतील विश्लेषक रिचर्ड्स ह्यूअर यांची. समजा, ऊसदरासाठी पुणे महामार्गावर मोहोळजवळ रास्ता रोको होणार, अशी कुणकुण आहे. गावोगाव बैठका झाल्या, हा पुरावा आंदोलन खरोखर होणार असेल तरी दिसतो आणि इशारा केवळ दबावासाठी असेल तरी दिसतो; म्हणून निर्णयासाठी त्याचा उपयोग नाही. ट्रॅक्टर कोणी ठरवले, कारखान्याशी बोलणी चालू आहेत की तुटली, याने मात्र फरक पडतो. सर्व शक्यता एका तक्त्यात मांडून त्यांतील प्रत्येक खोडून पाहावी, आणि जिच्याविरुद्ध सर्वांत कमी पुरावा उरेल ती पुढे ठेवावी. मला हे तंत्र फार मोलाचे वाटते, कारण आपल्याला आवडलेल्या अंदाजाला पुष्टी शोधत बसण्याची खोड त्याने मोडते.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. अक्कलकोट भागात काम असेल तर कन्नड आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागाशी संबंध येत असेल तर तेलुगू समजण्यापुरती शिका. दुभाष्याकडून आलेल्या बोलण्यातील धमकी आणि त्रागा यांतला फरक पुष्कळदा हरवतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, सर. एकच बातमी तीन जणांनी दिली, तर तिची श्रेणी वाढवावी का?

उत्तर १
तिघांनी ती स्वतंत्रपणे मिळवली असेल तरच. तिघांचाही आधार व्हॉट्सॲपवरचा एकच संदेश असेल, तर तो एकच स्रोत धरावा आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.