‘धंदेवाईक’ की ‘व्यावसायिक’? आणि ‘म्युझिकल’ला काय म्हणायचं?

शब्दवेडी, जळगाव
न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांविषयीचा एक लेख मराठीत आणते आहे. पहिल्याच ओळीत ‘कमर्शियल म्युझिकल थिएटर’ आलं आणि चार दिवस तिथेच अडले आहे. मी ‘व्यावसायिक संगीत रंगभूमी’ लिहिलं होतं. मसुदा तपासणाऱ्या सरांनी ‘व्यावसायिक’ खोडून ‘धंदेवाईक’ केलं आणि समासात शेरा मारला, “गल्लाभरू नाचगाणी ती.” लेख नेमका याच समजाच्या विरोधात आहे!

माझी खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे ‘व्यावसायिक’च्या समोर ‘हौशी’ उभा असतो. राज्य नाट्य स्पर्धासुद्धा तशाच वेगळ्या होतात. तिकडे हौशीचा प्रश्नच नाही. एकीकडे गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन नफ्यासाठी नाटक काढणारे निर्माते, दुसरीकडे देणग्यांवर चालणाऱ्या, नफा न वाटणाऱ्या संस्था. नट दोन्हीकडे पगारी, म्हणजे आपल्या अर्थाने दोन्हीकडे व्यावसायिकच. ‘अ कोरस लाइन’ हे म्युझिकल १९७५ मध्ये अशाच एका संस्थेत उभं राहिलं, त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेलं, १९७६ मध्ये त्याला नाटकासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. नाटक तेच, काढणारी संस्थाही तीच, फक्त थिएटर बदललं. मग ते कोणत्या तारखेपासून धंदेवाईक झालं म्हणायचं? मला दर्जाविषयी काहीच न सांगणारा शब्द हवा आहे.

जुना पेटीवाला, अमळनेर
ताई, ‘धंदेवाईक’ ही शिवी नव्हती हो. जुन्या लेखांत ‘धंदेवाईक मंडळ्या’ हे सरळ वर्णन म्हणून येतं. प्रत्ययातही काही वाईट नाही, ‘नातेवाईक’मध्ये तोच आहे. आज आपण ज्यांना अभिजात म्हणतो ती संगीत नाटकं कोणाच्या अनुदानावर उभी राहिली? १८८० चं ‘शाकुंतल’ असो की १९१३ मध्ये निघालेली गंधर्व नाटक मंडळी, संसार मुख्यतः तिकिटावर. नटांचा मुक्काम, आचारी, साजिंदे, पडदे, रेल्वेचं भाडं, सगळं त्या गल्ल्यातून. त्या गल्ल्यानेच बालगंधर्वांना शालू नेसवले आणि कर्जातही घातलं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेही दोन धंदेवाईक कंपन्यांनीच केलं. मी पन्नास वर्षं पेटी वाजवली. फुकट कार्यक्रमात सूर जरा हलला तर चालून जातं, तिकीट काढून आलेला माणूस उठून जातो. तेव्हा सरांचा शब्द ठेवा, त्यांचा शेरा तेवढा खोडा.

शुद्धाग्रही, चाळीसगाव
काका, शब्द काल काय होता यावर आजचा वाचक चालत नाही. ‘धंदेवाईक’ वाचला की तो नाक मुरडणारच. ‘व्यावसायिक’च ठेवावा (आणि कृपया ‘व्यवसायिक’ नको, शहरभर पाट्यांवर तेच दिसतं). ‘म्युझिकल’ मात्र मराठीत येऊ देऊ नका. ‘गीतनाट्य’ हा स्वच्छ शब्द आहे.

पांझराकाठ, धुळे
‘गीतनाट्य’ म्हटलं की शाळेचं गॅदरिंग डोळ्यांसमोर येतं. ‘संगीत नाटक’ म्हटलं की नांदी आणि रागदारी. ‘संगीतिका’ तर जवळपास अख्खी गायची असते. म्युझिकलमध्ये बोलणं, गाणं, नाच तिन्ही मिळून गोष्ट पुढे नेतात. आपल्याकडे याला सगळ्यात जवळचा आहे तो तमाशातला गोष्टीचा भाग, वग! गण, गवळण, बतावणी, मग वग. पण ‘वग’ लिहायला लेखणी कचरते, कारण आपण ‘तमाशा’ शब्दाचं वाटोळं केलं. घरात पोरांनी गोंधळ घातला की आई म्हणायची, “काय तमासा मांडा रे तुमीन?” आणि तीच आई सारंगखेड्याच्या यात्रेत वग बघताना पदराने डोळे पुसायची. अहिराणीत आम्ही म्हणतो, “आज रातले तमासाना खेय शे.” खेळ तो खेय. हा शब्द तिकिटाचा असो की सुपारीचा, सारखाच लागतो. ताईंना दर्जाविषयी न बोलणारा शब्द हवा आहे ना? ‘तिकिटावरचा खेळ’ घ्या.

शुद्धाग्रही, चाळीसगाव
‘तमाशा’ फारसीतून आला, मुळात अरबी, चालण्याच्या धातूवरून. त्याचा अभिमान धरायचा आणि ‘गीतनाट्य’ परका ठरवायचा, हे मला पटत नाही.

पांझराकाठ, धुळे
कुठून आला यापेक्षा कोणाच्या तोंडी राहिला ते बघा, भाऊ. फडावरच्या माणसाला ‘गीतनाट्य’ म्हणून पाहा.

केळीबाग, रावेर
‘फड’ निघालाच आहे तर विचारतो. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड, आणि तुमच्या पांझरा नदीवरचा पाण्याचा फड, हा एकच शब्द का? आमचे आप्पा म्हणायचे, फडणीस त्यातूनच निघाला.

जुना पेटीवाला, अमळनेर
फडणीस नाही. तो ‘फर्दनवीस’, म्हणजे फर्दा (याद्या) लिहिणारा. आप्पांची व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकत नाही.

पांझराकाठ, धुळे
आमच्याकडे बंधाऱ्याच्या पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाटकरी सोडतो. म्हणजे पुष्कळांनी मिळून एक काम करायची जागा. तमाशाच्या फडालाही हेच लागू पडतं, असं माझं मत.

शब्दवेडी, जळगाव
पेटीवाले काका, तुमचा मुद्दा पटला, पण ‘धंदेवाईक’ शब्द वापरायची हिंमत होत नाही. सध्या ‘नफ्यासाठी काढलेली म्युझिकल नाटकं’ असं लांबलचक लिहून ठेवलं आहे. ‘तिकिटावरचा खेळ’ मनात घोळतोय, पण देणग्यांवरच्या संस्थाही तिकीट लावतात, म्हणून तोही अपुरा. शुक्रवारी मसुदा द्यायचा आहे.

केळीबाग, रावेर
पांझराकाठ, उसाच्या फडात एकट्याचाच ऊस असला तरी फडच म्हणतात की. मग ‘पुष्कळांनी मिळून’ कुठे राहिलं?

पांझराकाठ, धुळे
तोडायला टोळी येते ना!