निलगिरीच्या शेंड्यात अडकलेलं विमान कसं उतरवावं?

रानातला_पायलट
मंडळी, जरा तातडीचा सल्ला हवाय. रविवारी सकाळी ऊस तुटून गेलेल्या रानात पोराचं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान उडवत होतो. कराडपासून दहा-बारा किलोमीटरवर. फोमचं शिकाऊ विमान आहे, पंख १.२ मीटर, वजन बॅटरीसकट किलोच्या आत. वाऱ्यानं वाहवत गेलं ते बांधावरच्या निलगिरीत शिरलं, आणि आता बेचक्यात एक पंख घालून बसलंय.

उंची सावलीवरून काढली. तीन फुटी काठीची सावली दोन फूट पडत होती आणि विमानाची सावली बुंध्यापासून तीस फुटांवर. म्हणजे ४५ फूट, दोन-चार इकडेतिकडे.

आत्तापर्यंतचे उद्योग: दगड मारले. पंखाला भोक पडलं, विमान जागेवर. तीन बांबू बांधून आकडी केली, तर ती हातात धरल्यावर अशी डुलायला लागली की टोक कुठं जातंय ते देवालाच ठाऊक. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "फुल थ्रॉटल द्या, सुटतंय." दिला. दोन सेकंद घरघर झाली आणि मोटर गप्प.

शेजारचा एक गडी पाचशे रुपयांत चढायला तयार आहे. चढवू का?

सदाफुली
नका हो दादा! निलगिरी चढायचं झाड नाही. खालचे वीस-पंचवीस फूट फांदीच नसते, साल सुटून बुंधा गुळगुळीत झालेला असतो, आणि वरची हिरवीगार फांदी काडकन मोडते. विमान परत येईल, गड्याचा मणका यायचा नाही.

आधी दोन गोष्टी सांगा. जवळून तारा गेल्यात का? आणि झाडावर आग्या मोहोळ आहे का? तारा असतील तर काठी, दोरी काहीच नको, सरळ महावितरणला १९१२ वर कळवायचं.

रानातला_पायलट
तारा नाहीत ताई. मोहोळ या झाडावर नाही, पण ओळीतल्या तिसऱ्या झाडावर आहे. चांगलं परातीएवढं. तुम्ही विचारलं म्हणून मान वर केली, नाहीतर दोन दिवस त्याच्याखाली उभं राहून दगड मारत होतो.

पाणंद
ड्रोन न्या आणि वरून ढकला. हाय काय अन् नाय काय.

गोफणगुंडा
पाणंदराव, मग पुढचा धागा 'ड्रोन अडकलाय' असा काढावा लागेल. ड्रोनचे पंखे पानांत गेले की संपलं.

पायलटभाऊ, आमच्या क्लबात दर हंगामात दोन-तीन विमानं झाडावर जातात. बारीक दोरी फांदीवरून पलीकडे टाकायची आणि फांदी हलवायची, एवढंच काम आहे. पण करायचं नीट.

मासेमारीची नायलॉन दोरी घ्या, ०.४ मिलिमीटरची, शंभरेक मीटर. टोकाला ५०-६० ग्रॅमचं शिसं. याहून हलकं घेतलं तर ते फांदीवरून पलीकडे जातं पण सालीला दोरी घासते आणि शिसं वरच लोंबकळत राहतं, खाली येत नाही. शिशाला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर उसाच्या पाचटात शोधत बसाल. दोरी रिळावरून थेट सोडू नका, झटका बसून शिसं माघारी येतं. घमेल्यात सैल वेटोळी करून ठेवा आणि त्यावर कुणाचा पाय पडू देऊ नका.

मारायला मोठी गलोल. (मी गोफण वापरतो, पण ती शिकायला एक उन्हाळा जातो, आणि तोवर मागे कुणी उभं राहायचं नसतं.) नेम विमानावर नको, त्याच्या फांदीवर धरा, बेचक्यापासून हात-दीड हात बाहेरच्या बाजूला. बुंध्याजवळ टाकलीत तर फांदी हलतच नाही. अगदी शेंड्याला टाकलीत तर डहाळी मोडून हातात येते.

शिसं पलीकडे जमिनीला टेकलं की त्या टोकाला सुतळी बांधून ओढून घ्या, सुतळीला ६ मिलिमीटरची नायलॉन दोरी. प्रत्येक गाठीवर चिकटपट्टी गुंडाळायची, गाठ फांदीत अडकली तर सगळं पहिल्यापासून.

आता मुख्य गोष्ट. दोरीला लोंबकळायचं नाही. दोन्ही टोकं एकत्र धरा, हलके ओढा आणि *सोडा*. फांदी वर उसळते तेव्हा विमान सुटतं, ओढताना नाही. फांदीची स्वतःची एक लय असते, झोका देतो तशी ती पकडायची. खाली चौघांनी चादर धरायची, विमानाच्या बरोबर खाली नाही, वारा जिकडे जातोय तिकडे दोन पावलं.

मोहोळ असल्यामुळे नेम असा धरा की हुकलेलं शिसं विरुद्ध बाजूला जाईल. आरडाओरडा नको, पोरांना लांब ठेवा. माशा उठल्याच तर विमान गेलं खड्ड्यात, तोंड झाकून पळा.

अर्धवट_इंजिनिअर
गोफणगुंडांना +१. थ्रॉटलबद्दल मात्र बोलायलाच हवं. पंखा डहाळीत अडकलेला असताना मोटर फिरू शकत नाही, मग सगळा करंट मोटरमध्ये आणि ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटात) उष्णता होऊन जातो. तुमचं ईएससी गेलं असणार, मनाची तयारी ठेवा.

बॅटरीचं काय? तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) असेल तर व्होल्टेज उतरल्यावर ईएससी फक्त मोटर तोडतं. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर आणि पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी (सर्व्हो) मात्र ती पीतच राहतात. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो. उतरल्यावर पहिलं काम बॅटरी सोडवणं. फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, घरातही ठेवू नका. अंगणात वाळूच्या बादलीत.

सदाफुली
शहरातल्या वाचकांसाठी एक पुरवणी: फांदीच छाटून टाकू, असं सोसायटीत कुणीतरी म्हणतंच. नागरी भागात १९७५ चा झाडांचा कायदा लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय करवत लावायची नाही. आणि १०१ फिरवू नका. मांज्यात अडकलेल्या घारीसाठी अग्निशमनचे लोक येतात, फोमसाठी त्यांना बोलावणं बरं नव्हे.

रानातला_पायलट
अपडेट. उतरलं!

आज साडेसहाला गेलो, वारा पडलेला होता. गलोलीचे अकरा नेम हुकले. बारावा पोरानं मारला, तो बरोबर बसला. आता घरी आठवडाभर हेच ऐकायचंय. गाठ एकदा अडकली, कारण चिकटपट्टी मी एकाच गाठीला लावली होती. ओढून सोडण्याची लय जमायला पंधरा मिनिटं गेली. आधी नुसती पानं आणि सालीचे पापुद्रे चादरीत पडत होते. मग विमान एकदम उलटं होऊन निघालं आणि चादर चुकवून सरीत पडलं. शेपूट मोडली, ती डिंकानं चिकटेल.

ईएससीचं आवरण वितळलंय, वास अजून येतोय. बॅटरी उशीसारखी फुगलीय, मीटर लावला तर तिन्ही सेल मिळून ४.१ व्होल्ट. वाळूत पुरून आलोय.

गोफणगुंडा, ३० अँपिअरचं ईएससी कोणतं घ्यावं? आणि त्या दुकानदाराकडून नको.

गोफणगुंडा
४० चं घ्या. किमतीत थोडाच फरक पडतो. आणि पंखाच्या खाली ठळक अक्षरात फोन नंबर लिहा, पुढच्या वेळी उसात जाईल.