नामधारी राजा आणि त्याच्या नावाने चालणारे अधिकार

राजा केवळ नामधारी असल्याने ब्रिटनची राजेशाही लोकशाहीला निरुपद्रवी आहे, असे अनेकदा म्हटले जाते, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला राजसंमती (जिच्याविना त्याचा कायदा होत नाही) नाकारल्याचे शेवटचे उदाहरण 1708 मधले, राणी ॲनच्या काळातले आहे, हे खरेच. परंतु राजाने वापरायचे सोडलेले अधिकार नाहीसे झाले नाहीत, त्यांतले बरेचसे पंतप्रधानांच्या हाती गेले. ऑगस्ट 2019 मध्ये तेव्हाचे मंत्री जेकब रीस-मॉग प्रिव्ही कौन्सिलच्या (राजाच्या सल्लागार मंडळाच्या) आणखी दोन सदस्यांसह राणी एलिझाबेथ यांच्या स्कॉटलंडमधील बाल्मोरल या निवासस्थानी गेले आणि तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यानुसार, ऐन ब्रेक्झिटच्या (युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या) तोंडावर, संसद पाच आठवडे स्थगित करण्याच्या आदेशाला राणीची मंजुरी घेऊन परतले. नकार देणे संकेतांत बसत नसल्याने राणीपुढे दुसरा मार्ग जवळपास नव्हताच. 24 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. राणीच्या वतीने स्थगितीचा आदेश घेऊन आलेले आयुक्त जणू कोरा कागद घेऊनच संसदेत शिरले होते, असे निकालात म्हटले आहे. अंकुश लावला तो न्यायालयाने, सिंहासनाने नव्हे. (आपल्या राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला निदान एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, आणि ती तरतूद राज्यघटनेतच आहे.)

राजघराण्याच्या खर्चाचा वाद मला त्यामानाने गौण वाटतो. त्यापेक्षा, राजाच्या खासगी हितसंबंधांना स्पर्श करणाऱ्या विधेयकांना संसदेत मंजुरी मिळण्यापूर्वीच त्याची वेगळी अनुमती घ्यावी लागते, या प्रथेवर चर्चा व्हायला हवी.