मुलाच्या दाढेत छोटी कीड, फिलिंग कंपोझिट की जीआयसी? मदत हवी आहे

मुलगा 9 वर्षांचा, खालच्या पक्क्या दाढेत तिळाएवढा काळा ठिपका दिसला, कीडच निघाली. दादरच्या डॉक्टर म्हणतात कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) करू, निळ्या लाइटने घट्ट होतं, मजबूत असतं, पण भरताना दाढ एकदम कोरडी हवी आणि आमचं कार्टं दोन मिनिटं तोंड उघडं ठेवेल तर शपथ! मुलुंडचे डॉक्टर म्हणतात ग्लास आयोनोमर सिमेंट (जीआयसी) भरा, ओलाव्याचं एवढं टेन्शन नाही, फ्लोराइडपण सुटतं, पण चावून लवकर झिजतं म्हणे. सासूबाईंच्या दाढेत भरलेली चांदी 20 वर्षं टिकलीय, पण त्यात जवळपास निम्मा पारा, ते नकोच. कोणाच्या मुलांचं जीआयसी पक्क्या दाढेत किती टिकलं? की रबर डॅम (दाढ कोरडी ठेवणारा रबरी पडदा) लावून कंपोझिटच उरकू?