नाल्याच्या पाण्यावर बॅटरी चार्ज करायची हाय, अल्टरनेटर करंटच देत नाई

नाल्याकाठी_धारणी:
नमस्कार मंडळी. आमचं शेत धारणी तालुक्यात, उताराले लागून. शेतातून नाला जाते, जूनपासून संक्रांतीलोक पाणी राह्यते. पावसाळ्यात लाईन गेली का चार-चार दिवस येत नाई अन् नेमकं त्याच टायमाले ढगामुळं सोलरही चालत नाई, म्हणून म्हटलं नाल्यावरच काही करू. वर टिपाड ठेवलं, 63 मिमीचे स्प्रिंकलरचे दहा पाईप जोडून 60 मीटर खाली आणले, मिस्त्रीच्या लेव्हलच्या नळीनं मोजलं तं उतार 7 मीटर भरला. खाली सायकलच्या रिमले स्टीलचे डाव बोल्टनं कसले अन् पट्ट्यावर जुन्या कारचा अल्टरनेटर. चाक मस्त फिरते पण बॅटरी जोडली का मंदावते, ॲमीटरचा काटा उलटा जाते, म्हणजे बॅटरी भरायच्या जागी उतरूनच रायली. अल्टरनेटर दुकानात चेक केला, चांगला हाय. मंग काहून होत असन? 12 व्होल्ट 150 एएचची बॅटरी हाय, तीन बल्ब, मोबाईल अन् पोरीच्या अभ्यासाचा लाईट, एवढंच चालवायचं हाय.

वायरमन_अचलपूर:
भाऊ, पहिले नोझलखाली, म्हणजे पाईपाच्या खालच्या तोंडाखाली, बादली लाव अन् किती सेकंदात भरते ते सांग. त्याच्याशिवाय काई बोलता येत नाई.

नाल्याकाठी_धारणी:
20 लिटरची बादली 5 सेकंदात. तीनदा मोजलं.

वायरमन_अचलपूर:
म्हणजे सेकंदाले 4 लिटर. 9.81 गुणिले 4 गुणिले 7, पाण्यात एकूण ताकद झाली 275 वॅट. आता पाय, 63 च्या पाईपातून 4 लिटर नेलं का 60 मीटरमध्ये सव्वादोन मीटर उतार घर्षणातच जाते, हाती पावणेपाच मीटर अन् 185 वॅट. घरी बनवलेलं चाक त्यातले अर्धे देते असं धर, म्हणजे नव्वदेक, त्यातून पट्टा खाते. अन् कारच्या अल्टरनेटरमध्ये लोहचुंबक नसते, फिल्ड कॉईलले, म्हणजे चुंबक बनवणाऱ्या तारेच्या गुंडाळीले, बॅटरीतूनच करंट लागते, दोन-तीन ॲम्पिअर म्हणजे तीस-पस्तीस वॅट त्यातच गेले. वरून त्याले हजार-दीड हजार आरपीएम (मिनिटाले फेरे) पाह्यजे, तुझं रिम दीडशेवर फिरत असन. काटा उलटा जाते तो याच्यानं, अल्टरनेटरचा दोष नाई.

दोन कामं कर. पाईप 75 मिमीचे टाक, घर्षण मीटरभरावर येते. अन् ई-स्कूटरची जुनी हब मोटर (चाकाच्या मधातच बसवलेली) पाय, 48 व्होल्टची, साधारण 500 आरपीएमची. तिच्यात पक्के चुंबक असतात, पट्टाच लागत नाई, रिम सरळ तिच्यावरच बसव. डावाचा वेग पाण्याच्या धारेच्या अर्धा ठेवला तं ताकद जास्तीत जास्त भेटते. तुझी धार सेकंदाले दहा मीटरच्या आसपास राहीन, मंग 60 सेमीचं चाक दीडशे-पावणेदोनशे आरपीएमवर चालते अन् त्या वेगाले ती मोटर पंधरा-सोळा व्होल्ट देते, 12 च्या बॅटरीले बरोबर जमते. तीन वायर निघतील, त्या थ्री फेज ब्रिज रेक्टिफायरले जोड, तो एसीचा डीसी करते. सहा-सात ॲम्पिअर आले तरी रात्रंदिवस धरून बॅटरी रोज भरते.

धानवाली_कुरखेडा:
दादा, एक गोष्ट आधीच सांगते. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या सांडव्याखाली असंच चाक लावलं होतं अन् मी त्याला सोलरचा चार्ज कंट्रोलर जोडला. बॅटरी फुल झाली की तो कंट्रोलर लाईन तोडतो, पॅनेलला त्याने काही होत नाही पण चाकावरचा लोड गेला की ते दुप्पट वेगाने पळतं आणि व्होल्टेजही दुप्पट. एका रात्रीत कंट्रोलर जळाला. आता 14.4 व्होल्टला रिले (आपोआप चालणारा स्विच) लागते आणि गाडीच्या हेडलाईटचे दोन 55 वॅटचे बल्ब पेटतात, जास्तीची वीज त्यात जाते, चाकावर लोड कायम राहतो. फ्यूज बॅटरीच्या बाजूला टाका. मोटर आणि रेक्टिफायरच्या मधे मात्र काहीच तोडणारं ठेवू नका. आणि टिपाडाच्या तोंडाला शेडनेट बांधा, सागाची पानं एका दुपारी नोझल बुजवतात.

वायरमन_अचलपूर:
ताईचं खरं हाय, हे मी पहिलेच सांगाले पाह्यजे होतं. भाऊ, चाकापासून घर किती लांब?

नाल्याकाठी_धारणी:
घर 120 मीटर, गोठा 15 मीटर.

वायरमन_अचलपूर:
मंग 12 व्होल्ट घरी नेऊच नको. 4 स्क्वेअर मिमीच्या तांब्याच्या वायरमध्येही 7 ॲम्पिअरवर साडेसात व्होल्ट वाटेतच जातील. बॅटरी अन् इन्व्हर्टर गोठ्यातच ठेव, तिथून 230 व्होल्ट घरी ने, तेवढ्याच वॅटले करंट अर्ध्या ॲम्पिअरच्याही खाली येते. केबल खांबावरून ने, ओल्या बांधावरून नको, अन् गोठ्यातच आरसीसीबी (करंट जमिनीत गळला का लाईन तोडणारा स्विच) लाव, ढोरंवासरं फिरतात. बॅटरीवर छत पाह्यजे पण पेटीत कोंडू नको, चार्ज होताना गॅस निघते.

नाल्याकाठी_धारणी:
ताई, भाऊ, दोघायलेही मनापासून धन्यवाद. म्या महिनाभर अल्टरनेटरच उघडून पाहून रायलो होतो. शेजाऱ्याकडं 75 चे पाईप हायत, धान्य निघेलोक देतो म्हणाला. हब मोटर अमरावतीच्या भंगारात पाह्यतो. ताई, तुमच्या रिलेचा फोटो टाकता का, कोणती वायर कुठं लावली ते दिसन असा?

धानवाली_कुरखेडा:
उद्या सकाळी उजेडात काढून टाकते.