खासगी स्वस्त? जरा थांबा

जर्मनीत खासगी आरोग्यविमा महिन्याला सरकारीपेक्षा स्वस्त पडतोय, तोच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. एकट्याचा हिशेब केलात तर पडेलही. पण तुम्ही बायको-मुलांसह म्युनिकला निघालाय ना? मग टीके किंवा एओकेसारखी सरकारी योजनेतली क्रांकनकास, म्हणजे आरोग्यविमा संस्था, बघा. बायको कमावत नसेल तर ती आणि मुलं तुमच्याच हप्त्यात येतात, वेगळा छदामही लागत नाही. खासगीत माणशी वेगळा हप्ता, तोही वय आणि तब्येत बघून. साखर, बीपी अर्जात लिहावंच लागतं. लपवलंत तर पुढे पॉलिसीच रद्द होऊ शकते.

सरकारी हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, वर कासगणिक थोडी जादा आकारणी. निम्मं तुमची नोकरीची कंपनी भरते. आकडा बघून पोटात गोळा येतो, मान्य! पण पंचावन्नीनंतर खासगीतून सरकारीत परतणं जवळपास अशक्य, हे एजंट सहसा आपणहून सांगत नाहीत.

आईबाबा मात्र तुमच्या विम्यात बसत नाहीत. ते भेटीला येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा वेगळा काढा, आणि जुन्या दुखण्यांचं कलम आधी वाचा. त्यांची भारतातली मेडिक्लेम चालूच ठेवा.